सल्ला हवा: न घेतलेल्या कर्जासाठी ‘वॉरंट निघालंय’ असे फोन येताहेत

मीनल_के: चार दिवस रोज नव्या मोबाइल नंबरवरून फोन. ‘मॅडम, २०२१ चं ॲपचं लोन थकलंय, ४७,३०० रुपये. केस दाखल झालीय, आज पाचच्या आत सेटलमेंट करा, नाहीतर पोलीस दारात येतील.’ असं कर्ज मी कधी घेतलेलंच नाही. पण माझा पॅन नंबर त्याला तोंडपाठ आहे, म्हणून धाकधूक होते. परवा फोन सासूबाईंनी उचलला, रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. वकील गाठू का? हजारापलीकडे खर्च झेपणार नाही.

बापू_सातारा: वकीलच करा. आमच्या वकिलांनी एका नोटिशीत त्यांची बोलती बंद केली. पाच हजार घेतले, पण काम चोख.

स्नेहल७८: ताई हजार म्हणताहेत, बापू! मीनलताई, सरळ सिम बदला. मी तेच केलं.

राजू_मेकॅनिक: सिम बदलून बँक, गॅस, आधार सगळीकडे नवा नंबर देत बसायचं? आणि ज्यांनी पॅन मिळवला ते नवा नंबर मिळवणार नाहीत का? अनोळखी नंबर उचलूच नका.

वैशाली_डी: कृपा करून एक रुपयाही भरू नका. मी घाबरून ५,००० भरले. ‘एनओसी मेल करतो’ म्हणाला. आठवड्याने दुसऱ्याचा फोन, आता १२,००० भरा. तेव्हा कुठे १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, पण उशीर झाला होता, पैसे गेले ते गेले. भरले असतील तर त्याच क्षणी १९३० लावायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

निवृत्त_बँकर: आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, ही नोंद ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही बघा. कर्ज दिसलं तर तुमच्या पॅनवर कोणीतरी उचललंय, लगेच हरकत नोंदवा. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत.

राजू_मेकॅनिक: मला तर रात्री अकराला आला होता. असा झापला की परत फोन नाही. कर्ज थकलं म्हणून अटक होतच नाही.

ॲड_पी_जे: सरसकट असं म्हणू नका. चेक न वटता परत गेला तर फौजदारी केसचं कलम १३८ आहे, खात्यातून आपोआप हप्ता कापणाऱ्या ईसीएसलाही तसाच कायदा आहे.

राजू_मेकॅनिक: ताईंनी कुठे चेक दिलाय?

ॲड_पी_जे: दिला नाही, म्हणूनच त्यांना भीती नाही. चेक असता तरी आधी लेखी नोटीस आणि पैसे द्यायला १५ दिवस. ‘आज पाचच्या आत’ असं कोर्ट सांगत नाही.

मीनल_के: काल व्हॉट्सॲपवर ‘समन्स’ही आलंय. वर न्यायालयाचा शिक्का, खाली पैसे भरायला क्यूआर कोड!

ॲड_पी_जे: कोर्टाच्या समन्सवर क्यूआर लावून वसुली होत नाही. त्यावरचा केस नंबर न्यायालयांच्या सरकारी ई-कोर्ट्‌सच्या साइटवर टाकून बघा. नंबर, मेसेज, हा कागद, सगळं दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, फसव्या फोन-मेसेजच्या तक्रारीसाठीच्या ‘चक्षू’त नोंदवा.

बापू_सातारा: तरी मी म्हणेन, वकिलाची नोटीस जाऊ द्या.

स्नेहल७८: आणि सिम बदलाच.

मीनल_के: सगळ्यांचे आभार. चारही रिपोर्ट काढले, असं कर्ज एकातही नाही. ई-कोर्ट्‌सवर तो केस नंबरही सापडला नाही. ‘चक्षू’वर तक्रार टाकली. वकील नाही, सिमही बदललं नाही. राजूभाऊ, तुम्ही फोन उचलू नका म्हणालात, पण आज सकाळी मी मुद्दाम उचलला, सासूबाईंना शेजारी बसवून, स्पीकरवर. एवढंच विचारलं, ‘कर्ज कोणत्या कंपनीचं, तिचं नाव सांगा आणि लेखी पत्र घरी पाठवा.’ तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानेच फोन ठेवला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, त्याला सावकाराचं नावसुद्धा ठाऊक नाही!’ आणि उठून चहा टाकायला गेल्या.