नकाशात दवाखाना ४०० मीटर, चालत ३५ मिनिटं. मग "जवळ" म्हणजे काय?

घर बदलायचंय. नकाशात दवाखाना ४०० मीटरवर दिसला म्हणून खूश होतो, पण आईला घेऊन चालत गेलो तर मधे रेल्वेलाइन, पूल पार लांब, जिना चढताना ती दोनदा कठडा धरून थांबली. घर बघताना नक्की काय तपासायचं?

प्रतिसाद १
अहो ते हवाई अंतर. रस्त्याने किती पडतं ते मोजा, आणि मधे काय काय ओलांडावं लागतं ते बघा. हे काही नवीन नाही, १९२९ मधे क्लॅरन्स पेरी या अमेरिकन नियोजकाने वस्तीचा आराखडा मांडला त्यात शाळा मधोमध आणि मोठे रस्ते कडेला ठेवले होते, का तर पोरांना वाहता रस्ता ओलांडायला लागू नये. आता नेमकं उलटं करून ठेवलंय आपण.

प्रतिसाद २
वर सांगितलंय ते बरोबर पण नुसतं मोजून काय होणार? सगळं हाताशी असलेल्या जागेचं भाडं चढतं, मग ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याला चालत जाता येण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच लांब फेकला जातो. ज्युलियन ट्यूडर हार्ट म्हणून वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर होते, त्यांनी १९७१ मधेच लिहून ठेवलंय की जिथे उपचारांची गरज जास्त तिथेच ते कमी मिळतात. मला याचा खरंच राग येतो, कारण हे आपोआप होत नाही, दवाखाना कुठे काढायचा हे कुणीतरी ठरवतंच ना.

प्रतिसाद ३
कार्लोस मोरेनो या शहर-अभ्यासकांची १५ मिनिटांच्या शहराची कल्पना, म्हणजे रोजची गरजेची ठिकाणं घरापासून चालत किंवा सायकलने १५ मिनिटांत असावीत ही, चांगलीच आहे, पण १५ मिनिटं कुणाची? धडधाकट माणूस ताशी ५ किमी चालतो, म्हणजे सव्वा किलोमीटर. गुडघे दुखणारा निम्म्या वेगाने गेला तर अंतर निम्मं, पण त्याच्या टप्प्यात येणारा परिसर पाव उरतो, निम्मा नाही, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी होतात! आणि बस असेल तर थांबा बघून समाधान मानू नका, रात्री शेवटची कितीला आणि दोन बसमधे किती वेळ जातो ते विचारा.

मूळ प्रश्नकर्ता
पाव हा हिशोब डोक्यातच आला नव्हता. अजून दोन घरं बघायचीत, आता आईला बरोबर घेऊनच जातो, आणि तिच्या चालीने घड्याळ लावून बघतो.