मदत हवी आहे: पणजोबांच्या पदकावरून माहिती कशी काढायची?

नमस्कार मंडळी. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं मिळून आम्ही माहिती जमवतोय. गावातल्या संगमरवरी पाटीवर किती गेले, किती कामी आले एवढेच आकडे आहेत. नाव एकाचंही नाही, हे फार लागतं.

पणजोबांचं चांदीचं पदक आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार, कडेवर शिपाई नंबर, नाव आणि '११० मराठा'. आजी दर दिवाळीला चिंचेने घासायची, त्यामुळे नंबरातला शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाही. ही पलटण एप्रिल १९१६ मध्ये इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत होती. पणजोबाही तिथे होते का?

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला कुणी पत्र लिहिलंय का? अर्जात काय द्यावं लागतं? ट्रंकेत तीन मोडी पत्रंही आहेत. वाचून देणारं कुणी असेल तर कृपया कळवा.