टेनिसवरचं पुस्तक सुचवा (आत्मचरित्र नको!)

तळटीपवाला: गुरुवारी प्रवासाला निघायचंय, त्याआधी पुस्तक हवंय. दोन कट्टर प्रतिस्पर्धी, दोघांच्या खेळाची तऱ्हा अगदी उलटी, आणि त्यावर नीट लिहिलेलं. नुकतंच जे वाचलं त्यात मॅचेस कमी आणि घरची भांडणंच जास्त. पटकन सांगा.

बॅकहँडप्रेमी: कोणत्या काळातले? बायका की पुरुष? मराठीतच हवंय का?

फावला_वेळ: आगासीचं 'ओपन' (२००९) घ्या डोळे झाकून. टेनिसचा तिटकारा होता म्हणणारा चॅम्पियन दुसरा कुठे मिळणार?

बॅकहँडप्रेमी: अहो, शीर्षकात आत्मचरित्र नको म्हटलंय.

फावला_वेळ: वाचलं. तरी घ्या.

तळटीपवाला: काळ कोणताही, कोणीही चालेल. इंग्रजीच हवंय, उघड आहे.

जुनी_रॅकेट: जॉन मॅकफी, 'लेव्हल्स ऑफ द गेम', १९६९. अख्खं पुस्तक एका मॅचवर: आर्थर अ‍ॅश विरुद्ध क्लार्क ग्रेबनर, १९६८च्या यूएस ओपनची, फॉरेस्ट हिल्सला झालेली सेमीफायनल. पॉइंट चालू असतो आणि मधेच त्या माणसाचं घर, बाप, राजकारण येतं. अ‍ॅश बिनधास्त, जोखमीचे फटके मारणारा. ग्रेबनर चौकटीत राहून दणकून सर्व्हिस करणारा. जसा माणूस तसा खेळ, हे मॅकफी फटक्यागणिक दाखवतो. बारीकसं पुस्तक आहे, प्रवासात संपेल.

सर्व्हअँडव्हॉली: प्रतिस्पर्धी म्हणजे बोरिस बेकर-स्टेफान एडबर्ग! ८८ ते ९०, लागोपाठ तीन विम्बल्डन फायनल. एडबर्गची किक सर्व्हिस उसळून समोरच्याच्या खांद्यापर्यंत येते तोवर हा नेटपाशी हजर. बेकर तर सरळ अंगच झोकून द्यायचा.

बॅकहँडप्रेमी: दोघेही नेटकडेच धावणारे, उलटं काय त्यात? मार्टिना नवरातिलोवा आणि ख्रिस एव्हर्ट बघा. एक नेटवर, एक मागे बेसलाइनवर. ८० मॅचेस, मार्टिना ४३-३७ने पुढे. जॉनेट हॉवर्डचं 'द रायव्हल्स' त्यांच्यावरच आहे.

सर्व्हअँडव्हॉली: बेकर-एडबर्गचे फोरहँड शेजारी ठेवून बघा, मग बोला.

फावला_वेळ: बेकरवरून आठवलं. सर्व्हिस करताना त्याची जीभ बाहेर यायची आणि ती कुठल्या बाजूला आहे त्यावरून चेंडू कुठे येणार हे आगासीला कळायचं, असं आगासीनेच सांगितलंय. आगासी त्याच्याविरुद्ध पहिल्या तिन्ही मॅचेस हरला होता, शेवटी हिशेब आगासीच्या बाजूने १०-४. खरी कसरत म्हणे आपल्याला कळलंय हे लपवण्याची.

तळटीपवाला: मंडळी, पुस्तक!

हळूहळू: गाडीत वाचू नका, मान धरते. आणि खेळत असाल तर तारा जरा सैल ठेवा, कोपराला बरं पडतं.

तळटीपवाला: मी खेळत नाही. मॅकफी घेतोय. 'द रायव्हल्स'मध्ये मॅचेस आहेत ना, की पुन्हा घरचीच भांडणं?

सर्व्हअँडव्हॉली: @बॅकहँडप्रेमी, ८८ची फायनल पाहिलीय का तरी?

बॅकहँडप्रेमी: पाहिलीय. पावसाने सोमवारपर्यंत लांबली होती. मुद्दा तोच आहे.