मृणालताईंनी १९७७ साली आरोग्य खातं नाकारलं, ते बरोबर होतं का?

दिंडोशीकर:
दरवर्षी १७ जुलैला, म्हणजे मुंबईत पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्या पुण्यतिथीला, 'पाणीवाली बाई'वर चार ओळी फिरतात. त्यात हमखास येतं की पंतप्रधान मोरारजी देसाईंनी देऊ केलेलं केंद्रातलं आरोग्य खातं त्यांनी नाकारलं. कौतुकानंच लिहितात सगळे. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून हा धागा.

आणीबाणीत सक्तीच्या नसबंद्या झाल्या आणि लोकांनी तो राग मतपेटीत काढला. उत्तर मुंबईतून ताई निवडून गेल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. अशा वेळी देशाचं आरोग्य कोणाच्या हाती हवं होतं? गोरेगाव ग्रामपंचायतीपासून नळ, गटार आणि वस्तीतली बाळंतपणं बघत आलेल्या बाईच्या की राजनारायणांच्या? खातं राजनारायणांकडे गेलं.

आपल्या समाजवाद्यांना सत्तेचा विटाळ होता. आयुष्यभर मोर्चे काढले, स्वच्छ राहिले आणि हात रिकामे. उपनगरं शेवटी गेली कोणाकडे? आधी सेनेकडे, मग बिल्डरांकडे. जोडीनं गेली म्हणा हवं तर.

सुनंदा मालाड:
हात रिकामे? दादा, तुम्ही नक्की कुठल्या गोरेगावात राहता?

१९७२चा दुष्काळ, रेशनवर धान्य नाही, रॉकेल नाही, तेलाचा भाव दर आठवड्याला वेगळा. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. एरवी या पक्षांचे पुरुष एकमेकांच्या सभेला फिरकत नसत, आणि या बायका एका ट्रकवर उभ्या. माझी आजी लाटणं मोर्चाला गेली होती. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवायचा, डब्यात दगड टाकायचा म्हणजे नंबर आपला, आणि डब्यांवर लक्ष ठेवायला शेजारची पोर बसवून बाया मोर्चाला. आजोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भात लावला, तो करपला, आणि ती गोष्ट आमच्याकडे लग्नाकार्यात अजून सांगतात. सातवी शिकलेली आजी नंतर रेशन दुकानदाराला 'कार्ड दाखव तुझं, स्टॉक दाखव' असं विचारायला लागली. हे कुठल्या मंत्रालयातून झालं असतं?

नंदू पारल्याचा:
आजींना नमस्कार. पण सुनंदाताई, भाव उतरले का? थाळ्या वाजल्या, फोटो आले, पुढे १९७४ साली महागाई आणखी भडकली. आठवण सुंदर आहे म्हणून तिला निकाल म्हणायचं का? दिंडोशीकरांना +१.

वकीलबाई:
दोघांनाही एक गोष्ट आठवून देते. गर्भलिंगनिदान. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल तपासणीच्या जाहिराती उघड लागायच्या, लोकलच्या डब्यातसुद्धा. बायकांच्या संघटना, डॉक्टर, वकील त्याविरुद्ध उभे राहिले. १९८६ साली मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणलं, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं. असं विधेयक सहसा मंजूर होत नाही, हे तिथल्या शिपायालाही माहीत असतं. पण ते मांडलं की सरकारला सभागृहात उभं राहून बोलावं लागतं, आणि जे बोललं ते कामकाजात छापलं जातं. मग सरकारला काहीतरी करणं भाग पडतं. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा आला १९९४ साली. विरोधी बाकाचं काम यालाच म्हणतात.

आणि मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला देणगी द्या आणि सिमेंट घ्या, ते सिमेंट प्रकरण विसरलात? समाजवादी गोटातले प. बा. (बाबुराव) सामंत हायकोर्टात गेले आणि जानेवारी १९८२मध्ये न्या. लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. हात रिकामे असलेल्यांनीच केलं ते.

दिंडोशीकर:
वकीलबाई, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने वापरतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला सरकारी रुग्णालयांत या तपासणीला बंदी आली आणि खाजगी दवाखाने मोकाट राहिले. धंदा वाढला तो त्याच फटीतून. त्या वेळी दिल्लीत आरोग्यमंत्री ताई असत्या तर ती फट १९८८पर्यंत उघडी राहिली असती? दहा वर्षांत किती मुली गेल्या? तुम्ही विधेयकाचं कौतुक करताय, मी म्हणतो ते विधेयक आणायची वेळच यायला नको होती.

वकीलबाई:
मुद्दा जोरदार आहे, मानते. पण तुमच्या डोळ्यांपुढे पाच वर्षं टिकणारं सरकार आहे. जनता सरकार मार्च १९७७ला आलं, जुलै १९७९ला पडलं. राजनारायण तर त्याच्याही आधी मंत्रिमंडळातून गेले. मोरारजी आणि चरणसिंग यांच्या रोजच्या भांडणात समाजवादी कोणाच्या बाजूला, हेच निस्तरण्यात दिवस गेले असते. शिवाय खाजगी दवाखाने आवरायचे तर राज्यांना हलवावं लागतं, दिल्लीत बसून आदेश काढून ते होत नाही.

आणि धाग्याच्या सुरुवातीला आणीबाणी काढलीत म्हणून सांगते. ताई तेव्हा भूमिगत राहून काम करत होत्या, डिसेंबर १९७५मध्ये पकडल्या गेल्या. तुरुंगात एकांतवास. बाहेर सुप्रीम कोर्टाने एप्रिल १९७६मध्ये सांगून टाकलं होतं की आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. इतकं बघून आलेल्या माणसाने सत्तेच्या खुर्चीकडे जरा संशयाने पाहिलं, तर त्याला विटाळ म्हणू नका.

नंदू पारल्याचा:
तुरुंगातून आलेले अडवाणी, फर्नांडिस, दंडवते मंत्री झालेच की. दंडवत्यांचं रेल्वेचं काम लोक अजून काढतात. तेही समाजवादीच!

नागरी निवाऱ्यातली:
इतका वेळ नुसतं वाचत होते. मी ज्या घरात बसून हे लिहितेय ते नागरी निवारा परिषदेचं आहे. १९७६चा कमाल जमीन धारणा कायदा होता. जास्तीची जमीन सरकारने घेऊन गरिबांना घरं द्यायची, असं त्यात लिहिलेलं. प्रत्यक्षात कलम २० खाली सूट मिळवायची आणि जमीन मालकाकडेच, हा मुंबईचा धंदा. ताई आणि बाबुराव सामंत त्या कलमाच्या मागे हात धुऊन लागले, वर्षानुवर्षं, कोर्टात आणि मंत्रालयात. त्यातून दिंडोशीच्या टेकडीवर सहा हजारांच्या वर घरं झाली. माझे वडील गोदामात हिशेबनीस होते, त्यांना दुसऱ्या कुठल्या वाटेने मुंबईत घर मिळालं नसतं.

दिंडोशीकर, तुमच्या आयडीत ज्या दिंडोशीचं नाव आहे, तिथे मंत्री झालेल्या कोणी सहा हजार घरं बांधली ते सांगा. मोठं मन करून वाचीन.

दिंडोशीकर:
ताई, घराबद्दल आनंदच आहे, खोटं नाही बोलत. पण तुम्हीच सांगा, दुसरा नागरी निवारा कुठे झाला? २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. ज्यांच्या हाती सरकार होतं त्यांनी एका ठरावात पायाखालची जमीन काढून घेतली. विरोधकांनी वर्षानुवर्षं झगडून एक वसाहत मिळवायची आणि सत्तेतल्यांनी एका दुपारी पुढच्या शंभर वसाहतींची वाट बंद करायची. माझं दुखणं हे आहे. ताईंवर राग नाहीये माझा.

सुनंदा मालाड:
राग नाही म्हणे. 'हात रिकामे' कोणी लिहिलं होतं वर?

अनिल, पाणी हक्कवाला:
मी वस्त्यांमध्ये नळजोडण्यांचे अर्ज भरून देतो, म्हणून पाण्यावरच बोलतो. ताई १९६१ साली नगरसेविका झाल्या. महापालिकेत आपला माणूस असला की मोर्चाला पत्ता असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या २०१२ला गेल्या. डिसेंबर २०१४मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर हायकोर्टाने सांगितलं की झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुढे धोरण आलं, आणि त्यात जमीन कोणाची, ना हरकत कोणाची अशा इतक्या अटी की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो.

त्यात मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपली आणि वर्षानुवर्षं प्रशासक. नगरसेवक नव्हता, सभागृह नव्हतं, स्थायी समिती नव्हती. बायांनी हंडे नेऊन ठेवायचे कोणापुढे? वॉर्ड ऑफिसातला इंजिनिअर म्हणायचा, वरून आलं नाही. तुम्ही लोक मंत्री विरुद्ध विरोधक असं भांडताय. आमच्याकडे त्या काळात दोन्ही नव्हते.

दिंडोशीकर:
अनिल, तो निकाल अटी न घालता पाळायला लावायला मंत्रीच लागतो की नाही, एवढंच सांग.

अनिल, पाणी हक्कवाला:
लागतो. आणि त्याच्या दारात बसायला चारशे बाया लागतात. पहिला नसला तरी दुसऱ्या असल्या तर काहीतरी हलतं, हे मी पाहिलंय. उलटं झालेलं अजून पाहिलं नाही.