सड्यावर प्राणिशास्त्रज्ञही हवेत
कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, प्राचीन काळी कोरलेली चित्रं म्हणजे कातळशिल्पं. 'कातळशिल्पं हा पुरातत्त्वाचा विषय, त्यात इतर शाखांनी लुडबुड करू नये' असं काहीजण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. जांभ्यावर कोरलेल्या रेषेत सेंद्रिय काही उरत नाही, त्यामुळे कार्बन पद्धतीने थेट वय काढता येत नाही. मग पुरावा आजूबाजूलाच शोधावा लागतो: दगडी हत्यारं, जुनं हवामान, आणि कोरलेले प्राणी. आपल्या सड्यांवर गेंडा कोरलेला आहे! आज कोकणात गेंडा नाही. तो इथे कधी होता का, याचं उत्तर प्राणिशास्त्र आणि भूशास्त्र यांना सोबत घेतल्याशिवाय कसं मिळणार?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी गावच्या सड्यावर कोरलेल्या हत्तीच्या पोटात तर कितीतरी प्राणी आहेत, मासेसुद्धा. ते ओळखायला खाडीवरचा अनुभवी मासेमारही बोलवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.