मोठ्याचा राग आवरत नाही, धाकटी दोघं दिव्यांग आहेत, काय करू?

सिडकोची_आई
नमस्कार, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मोठा 10 वर्षांचा, पाचवीत. त्याच्या पाठची जुळी साडेसहाची, सातव्या महिन्यातच झालेली, मुलीला सेरेब्रल पाल्सी (हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा नसतो) आणि मुलाला ऑटिझम. मोठा आधी खूप समजूतदार होता पण वर्षभरापासून दार आपटणं, वह्या फाडणं, उलट बोलणं चालूच आहे. परवा शनिवारी थेरपीला निघायचं तर मुलीचं आधारासाठी बांधायचं एक स्प्लिंट गायब, अख्खं घर पालथं घातलं, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि शेवटी वॉशिंग मशीनमध्ये मळक्या कपड्यांखाली सापडलं. त्यानेच टाकलं होतं. मी दोन फटके दिले, खोटं कशाला बोलू. तर म्हणाला "मलापण लंगडं कर, मग मलापण रिक्षातून नेशील". काय बोलणार यावर. मिस्टर सातपूरला शिफ्टमध्ये, सासूबाई म्हणतात मोठा आहेस, समजून घे. कुणाच्या घरी असं आहे का?

जुना_पंचवटीकर
लाड जास्त झालेत. एक वर्ष हॉस्टेलला टाका, सुतासारखा सरळ येतो की नाही बघा.

दादाची_धाकटी
काका, घरात आपल्याला जागा नाही असं ज्या पोराला आधीच वाटतंय त्यालाच घराबाहेर काढायचं?? ताई, हे अजिबात करू नका.
मी 34 ची आहे, माझा दादा बौद्धिक दिव्यांग. मी कधी चिडलेच नाही, सगळे म्हणायचे किती गुणी पोरगी, आणि त्या गुणी शब्दाचा मला इतका राग यायचा की रात्री उशी चावायचे. तुमचा निदान बोलतोय तरी. त्याला एकदा म्हणा की तुला बहिणीचा राग येतो, येऊ दे, फक्त तिच्या वस्तूला हात लावायचा नाही. "ती बिचारी आहे ना" हे वाक्य घरातून बंद करा, त्याने राग जात नाही, वर पाप केल्यासारखं वाटतं.
आणि अजून एक. मला लहानपणापासून धास्ती होती की आईबाबा गेल्यावर दादा माझ्याच गळ्यात. विचारायची हिंमत नव्हती. बाबांनी बारावीत असताना सांगितलं की ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांग अशांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे, त्यात 18 नंतर कायदेशीर पालक नेमता येतो आणि तो भावंडच पाहिजे असं काही नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले. 10 वर्षांच्या पोराला कायदा नका सांगू, पण "तुझ्या भावाबहिणीची सोय करायचं काम आमचं, तुझं नाही" एवढं नक्की सांगा.

इंदिरानगर_कट्टा
माझ्याकडे पण दोन, एक ऑटिस्टिक. आमच्याकडे भांडण पैशावरून होतं, मोठीला सायकल हवी आणि पैसे थेरपीत जातात. ताई, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर निरामय या नॅशनल ट्रस्टच्या आरोग्य विम्याचा फॉर्म भरा, वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचा काही खर्च त्यात बसतो (बिलं जपून ठेवा, फार कटकट करतात). आणि आठवड्यातून एक तास फक्त मोठ्याचा, काही झालं तरी कॅन्सल नाही. अमेरिकेत डॉन मेयर नावाच्या माणसाने अशा भावंडांसाठी सिबशॉप म्हणून गटच काढले, खेळायचं, खायचं आणि मधेच मनातलं बोलायचं. आपल्याला मोठं काही जमलं नाही तरी थेरपी सेंटरला बाहेर बसलेल्या दोन-तीन भावंडांना एकत्र क्रिकेट खेळायला सोडता येईल की. तो स्वतःला किंवा जुळ्यांना इजा करायला लागला तर मात्र थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, रात्रीबेरात्री पण उचलतात.

सिडकोची_आई
सगळ्यांचे आभार, काका तुमचे पण 😄 रविवारी जुळ्यांना मिस्टरांकडे ठेवलं आणि त्याला विचारलं कुठे जायचं, तर म्हणे पांडवलेणी. घरापासून एवढ्या जवळ, पण पायऱ्यांमुळे आम्ही कधी गेलोच नव्हतो, मुलीला उचलून कोण चढणार. हा पळत वर, मी मागे धापा टाकतेय. वर गेल्यावर लेणी राहिली बाजूला, गाड्या मोजत बसला हायवेवरच्या. मी सांगितलं की ती दोघं आमची जबाबदारी, तुझी नाही. काही बोलला नाही. उतरताना म्हणाला पुढच्या रविवारी पण आपण दोघंच ना, बाबा पण नको.
संध्याकाळी रिमोटवरून परत भांडला, दार आपटलं. पण सोमवारी स्प्लिंट दोन्ही जागेवर होती. निरामयचा फॉर्म कुठे भरायचा तेवढं सांगा.