अण्णांच्या २०११ च्या आंदोलनात संघाचा वाटा नेमका किती होता?

शोधयात्री

अण्णा हजारे यांच्या २०११ च्या लोकपाल आंदोलनामागे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ होता, हे विधान आता इतक्या सहजपणे केले जाते की त्याची शहानिशा करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. हे आंदोलन बऱ्याच अंशी भाजप आणि संघाच्या पाठबळावर उभे होते, असे २०२० साली प्रशांत भूषण यांनी, म्हणजे टीम अण्णातल्याच एका प्रमुख माणसाने, सांगितल्यापासून तर वाद मिटल्यातच जमा आहे. माझी अडचण महाराष्ट्रातली आहे. नव्वदच्या दशकात अण्णांनी ज्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले, ते महादेव शिवणकर भाजपचे होते आणि शशिकांत सुतार व बबनराव घोलप शिवसेनेचे. घोलप यांच्या बदनामीच्या खटल्यात १९९८ साली अण्णांना तीन महिन्यांची शिक्षाही झाली होती. युतीच्या मंत्र्यांना घाम फोडणारा हा माणूस पुढे दिल्लीत जाऊन संघाच्या हातचे बाहुले झाला, हे मला पटत नाही. पण संघाचा संबंधच नव्हता, हेही पटत नाही. ज्यांनी हा काळ जवळून पाहिला आहे त्यांनी लिहावे.

कृष्णाकाठ

ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून जे सर्वांसमोर घडले तेवढेच पाहू. मार्च २०११ मध्ये पुत्तूर येथील अखिल भारतीय प्रतिनिधी सभेत संघाने भ्रष्टाचारावर ठराव केला. ५ एप्रिलला अण्णा जंतरमंतरवर उपोषणाला बसले, तेव्हा मंचामागे संघाच्या कार्यक्रमांत दिसते तशा धाटणीची भारतमातेची प्रतिमा होती. संघपरिवारातल्या विद्यार्थी परिषदेच्या प्रेरणेने ‘यूथ अगेन्स्ट करप्शन’ नावाचे व्यासपीठही निघाले होते. आता दुसरी बाजू. दुसऱ्याच दिवशी उमा भारती तेथे आल्या, तेव्हा जमावाने घोषणा देऊन त्यांना परत पाठवले, आणि ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावरील मंचामागे भारतमातेऐवजी गांधीजी आले. संघाने आंदोलन उभे केले असते तर उमा भारतींसारख्या हिंदुत्ववादी नेत्यांना मंचाच्या पायरीवरून माघारी जावे लागले नसते. लोक रस्त्यावर आले ते टू-जी, राष्ट्रकुल स्पर्धा आणि आपल्याकडचे ‘आदर्श’ या घोटाळ्यांमुळे. ‘आदर्श’पायी तर आदल्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले होते. एवढा राग साठलेला असताना तो निर्माण करायला कोणत्याही संघटनेची गरज नव्हती. (वृत्तवाहिन्यांनी दिवसरात्र जे प्रक्षेपण केले, त्याचा हिशेब मात्र कोणीच मांडत नाही.)

नगरकर

राग कोणी निर्माण केला हा प्रश्नच नाही. त्या रागाला रस्त्यावर वाट कोणी करून दिली, हा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावी रोज संध्याकाळी मेणबत्ती मोर्चा निघत असे. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज देणारा, ध्वनिक्षेपकाची रिक्षा ठरवणारा आणि ‘मी अण्णा हजारे’ लिहिलेल्या टोप्यांचे गठ्ठे उतरवून घेणारा, हे तिघेही सकाळच्या शाखेतले होते, आणि गावात ते कोणापासून लपलेलेही नव्हते. त्यांनी मोर्चा ‘ताब्यात’ घेतला असे मी म्हणणार नाही. बाकीचे लोक हौशी होते. त्यांना सतरंजी कोठून आणायची आणि रात्री ती उचलायची कोणी, हे ठाऊक नव्हते. आंदोलन चालवणाऱ्या इंडिया अगेन्स्ट करप्शनला सभासद नोंदणी नव्हती, शाखा नव्हत्या, घटना नव्हती. अशा दार नसलेल्या घरात ज्याच्याकडे शिस्तीची माणसे असतील तोच आधी बिऱ्हाड मांडतो.

शिवाय ‘आम्ही अराजकीय आहोत’ असे म्हणत राहिल्यामुळे मुसलमानांच्या शंकांवर स्पष्ट बोलण्याची वेळ नेतृत्वाने फार लांबवली. दिल्लीच्या जामा मशिदीच्या शाही इमामांनी ‘वंदे मातरम्’च्या घोषणांवर बोट ठेवून मुसलमानांना आंदोलनापासून दूर राहण्याचे आवाहन केले, त्यानंतर केजरीवाल आणि किरण बेदी त्यांना भेटायला गेले. शाही इमामांचे राजकारण मला मान्य नाही, पण ती शंका केवळ त्यांची नव्हती. जून महिन्यात रामदेवबाबांच्या काळ्या पैशाविरुद्धच्या उपोषणाच्या मंचावर रामजन्मभूमी आंदोलनातल्या साध्वी ऋतंभरा बसलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या होत्या.

जुना वाहिनीकर

मी जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतला, त्यामुळे तुलना टाळणे मला शक्य नाही. जयप्रकाशजींच्या १९७४ च्या बिहार आंदोलनातही विद्यार्थी परिषद आणि जनसंघ (भाजपचा पूर्वावतार) होतेच. लोकसंघर्ष समितीचे नानाजी देशमुख आपल्या हिंगोली भागातल्या कडोळीचे. पाटण्यात नोव्हेंबर १९७४ च्या लाठीमारात जयप्रकाशजींवरचे घाव त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. परंतु जयप्रकाशजींनी ही सोबत नाकारली नाही. मार्च १९७५ मध्ये जनसंघाच्या दिल्ली अधिवेशनात जाऊन, जनसंघ फॅसिस्ट असेल तर मीही फॅसिस्ट आहे, असे ते उघडपणे म्हणाले. त्या वाक्याने आमच्यातल्या अनेकांना आजही अस्वस्थ वाटते, कारण त्यांनी संघाला जी प्रतिष्ठा दिली ती संघाला स्वतःच्या बळावर मिळाली नसती. पण सोबत उघड असल्यामुळे हिशेब मागता आला. पुढे जनता पक्षात मधु लिमये यांनी दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे पक्ष आणि संघ या दोहोंत एकाच वेळी असण्याचा प्रश्न लावून धरला आणि १९७९ मध्ये पक्ष फुटला, तो फुटण्याचे कारण सर्वांना कळले. २०११ मध्ये संघाचे नेते म्हणत होते की आमचे स्वयंसेवक सहभागी आहेत, अण्णा म्हणत होते की माझा त्यांच्याशी संबंध नाही, आणि दोघेही खरे बोलत होते. ज्याचे अस्तित्वच मान्य केलेले नाही त्याच्याशी अटी कशा ठरवणार?

शोधयात्री

हा मुद्दा पटला. मग डिसेंबर २०११ च्या मुंबईतील उपोषणाचे काय? वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीएचे मैदान बहुतांशी रिकामे राहिले आणि अण्णांना दुसऱ्याच दिवशी उपोषण सोडावे लागले. गर्दी मुळात लोकांचीच होती आणि त्यांचा उत्साह ओसरला, की सतरंज्या उचलणारे आले नाहीत?

कृष्णाकाठ

उत्साह ओसरला, हेच अधिक सरळ उत्तर आहे. मुंबईत शिवसेनेचा लोकपालालाच विरोध होता, तापामुळे अण्णांची प्रकृती बिघडली होती, आणि लोकसभेत विधेयकावर चर्चा चालू असताना उपोषण कशासाठी, असे मध्यमवर्गालाही वाटू लागले होते.

नगरकर

तेही होतेच. पण मधल्या काळात ऑक्टोबरमध्ये हिसारची पोटनिवडणूक झाली, तीही विसरू नका. टीम अण्णाने तेथे काँग्रेसविरुद्ध प्रचार केला, काँग्रेसच्या उमेदवाराची अनामत जप्त झाली आणि भाजपचा पाठिंबा असलेले कुलदीप बिश्नोई निवडून आले. त्याच महिन्यात राजेंद्र सिंह आणि पी. व्ही. राजगोपाल हे गांधीवादी कार्यकर्ते कोअर कमिटीतून बाहेर पडले. आमच्या गावात डिसेंबरमध्ये मोर्चा निघाला नाही. परवानगीचा अर्ज देणारा तो गृहस्थ तेव्हा नगरपालिकेच्या निवडणुकीच्या कामात गुंतला होता.